परकं पोट

पाखराच्या पंखांवर मी विश्वास ठेवत नाही. पंख झिजतात, फाटतात, उन्हात रंग सोडतात आणि एकाच आईची दोन पोरं वेगवेगळे पंख घेऊन जन्माला येतात. पाखरू खरं कोण आहे हे त्याच्या पोटात असतं, अगदी शेवटच्या टोकाला. नोकरीची सगळी वर्षं मी लोकांनी आणलेली मेलेली पाखरं घेऊन त्यांची पोटं काढून आत बघत बसले. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारायची, "तुम्ही काय करता हो?" आणि उत्तर ऐकून पान घेऊन पलीकडे सरकायची.

पाखरू म्हणजे दिव्यावर येणारं, भुरकट, बिनकौतुकाचं. पुस्तकात त्याला पतंग म्हणतात. पण हैदराबादेत पतंग म्हटलं की लोक मांजाची चौकशी करतात, म्हणून मी तो शब्द सोडून दिला.

आमचं ऑफिस सरकारी. कुणीही किडा घेऊन यावं आणि आम्ही त्याला नाव लिहून द्यावं, असं काम. नाव कळलं की औषध कळतं आणि बऱ्याचदा चूक कुणाची तेही कळतं. त्यामुळे येणारा माणूस नुसतं नाव मागायला क्वचितच यायचा, त्याला हवं ते नाव मागायला यायचा. आबिड्सचा एक हॉटेलवाला तांदळातली पाखरं बरणीत भरून घेऊन आला. समोरच्या हॉटेलवाल्याने ती आपल्या कोठारात मुद्दाम सोडली, असं त्याचं म्हणणं. "मॅडम, ये छोड़े हुए कीड़े हैं, आप लिख के देव." मी पाखरं तपासली, मग पोत्यांचे नमुने मागवले. तळाच्या पोत्यांत जाळीच जाळी. हा गृहस्थ जुना माल न काढता वर नवा माल रचत होता. मी म्हटलं, "भाईसाब, यांची खापरपणजी तुमच्याच कोठारात वारली." त्याने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "आप उनसे मिले हुए हैं क्या?"

दुसरा आला तो कोठीतल्या एका ड्रायक्लीनरला घेऊनच. शेरवानीला भोकं पडली होती, गरम कापडाची, काळी, मुलाच्या लग्नात घालायची. ड्रायक्लीनर रडकुंडीला आलेला. कपडे खाणारी अळी स्वतःभोवती एक पिशवी विणते आणि जे खाते त्याच्याच धाग्यांनी विणते. ती वाढली की पिशवी दोन्ही टोकांनी वाढवते, म्हणजे पिशवीचा मधला भाग सगळ्यांत जुना. शेरवानीच्या खिशात सापडलेली पिशवी मी भिंगाखाली धरली. टोकं काळी, मध्यभाग गडद लाल. मी विचारलं, घरात लाल लोकरीचं काय आहे? गृहस्थ म्हणाले, गालिचा. कुठे असतो? शेरवानीच्या पेटीखाली. ड्रायक्लीनरने तिथेच माझ्या पायाला हात लावला आणि गृहस्थ मात्र जाताना म्हणाले की लाल रंग तुम्हाला दिसला, आम्हाला काही दिसला नाही बुवा.

सांगायचा मुद्दा असा की संशय हा आमच्या धंद्याचा भांडवली माल आहे. तो मला दिला औंढेकर सरांनी.

सर माझे साहेब. मूळचे औंढ्याकडचे, पण दोन पिढ्या हैदराबादेत मुरलेले. मराठी बोलताना मध्येच "नक्को" आणि "हौ" करायचे. मी रुजू झाले तेव्हा एका पाखराला नाव देऊन ऐटीत त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वर न बघता विचारलं, "पक्कं का?" मी म्हटलं, हो सर. "कशावरून?" मी पंख दाखवले. "पंख तर सिनेमातल्या बाईच्या साडीसारखे असतात, दर गाण्यात बदलतात. पोट बघितलं का?" नव्हतं बघितलं. "मग नक्को लिहू. आणणाऱ्यावर संशय घे, डब्यावर घे, टाचणीखालच्या चिठ्ठीवर घे आणि मग स्वतःच्या डोळ्यांवर घे. चारी संशय फिटले की मग लिही." त्यानंतर मी भाजीवाल्याच्या तराजूवर, जावयाच्या हसण्यावर आणि डॉक्टरांच्या "काही नाही हो" वरसुद्धा संशय घेत आले आहे. घरचे परेशान आहेत, पण आता इलाज नाही.

सरांच्या नावावर एक पाखरू होतं. म्हणजे त्यांनी ते शोधून जगापुढे आणलं होतं. कुकटपल्ली तेव्हा शहराबाहेर होती, नुसते खडक, सीताफळाची झुडपं आणि तलाव. तिथे पावसाळ्यानंतर सरांना एक नर मिळाला. एकच. राखेच्या रंगाचे पंख, त्यांवर तांबूस आडवी रेघ, आणि ती रेघ कडेला पोचायच्या आधीच मागे वळलेली. गंमत अशी की पंख होते एका घराण्याचे आणि पोटाच्या टोकातले जननाचे अवयव दुसऱ्याच घराण्यासारखे. असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. सरांनी त्याचं वर्णन छापलं, पोटातल्या अवयवांचं सुंदर चित्र काढलं आणि दोन घराण्यांमधला दुवा म्हणून त्याला स्वतंत्र जागा दिली. परदेशी पुस्तकांत ते चित्र उचललं गेलं. इथल्या मराठी मंडळात सरांची ओळख करून देताना "हैदराबादचं स्वतःचं पाखरू शोधणारे" असं म्हणायची पद्धत पडली. ऑफिसात आम्ही त्याला सरांचं पाखरू म्हणायचो.

ज्या एका पाखरावरून नाव दिलं जातं तो मूळ नमुना. तो कुलपात असतो. पुढे जगात कुणालाही शंका आली तर त्या एका पाखराशी ताडून बघायचं, असा नियम. त्या कपाटाची किल्ली मी नवखी असतानाच सरांनी माझ्या हातात दिली. वरिष्ठ जळले. मला वाटलं, माझ्या कामाचं चीज झालं. त्या पावसाळ्यात डांबरगोळ्या बदलायला मी कपाट उघडलं, सरांचं पाखरू भिंगाखाली घेतलं, आणि जिथून पोट काढलेलं असतं त्या जागी मला एक थेंब चमकताना दिसला. वाळलेल्या गोंदाचा.

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. वाळलेल्या पाखराचं पोट फार सहज गळतं. डबा हिंदकळला, टाचणी जरा जोरात टोचली, की पोट डब्याच्या तळाशी. मग ते उचलून गोंदाने परत चिकटवायचं, हे रोजचंच. डब्यात एकच पाखरू असेल तर प्रश्न नाही. पण दोन पाखरं असली आणि दोन्ही पोटं गळली, तर कुणाचं पोट कुणाचं हे ठरवायचं कसं? दोन्ही भुरकट, दोन्ही तिळाएवढी. चुकून याचं पोट त्याला लागलं, तर एका पाखराचे पंख आणि दुसऱ्याचं पोट असा प्राणी तयार होतो, जो देवानेही केलेला नाही. ही चूक फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकते. जगात दुसरं कोण मेलेल्या पाखरांना पोटं चिकटवत बसतं?

तो थेंब पाहिला आणि मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. पंख एका घराण्याचे, पोट दुसऱ्या घराण्याचं. दुवाबिवा काही नाही, गोंद!

पण नुसता गोंद म्हणजे पुरावा नव्हे. त्याचंच पोट गळलं असेल आणि त्यालाच परत लावलं असेल. तपासायला आता पोटच जागेवर नव्हतं, ते तर सरांनी पुन्हा सोडवून, पोटॅशच्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवून काचेच्या स्लाइडवर चढवलं होतं. शंका खरी की खोटी हे ठरायचं असेल तर एकच मार्ग. तसंच दुसरं पाखरू मिळायला हवं, ज्याचं पोट त्याच्या अंगाला पहिल्यापासून चिकटलेलं आहे. आणि ते कुणालाच मिळत नव्हतं. सर स्वतः दर पावसाळ्यानंतर कुकटपल्लीच्या खडकांवर जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. मी मनात म्हणायची, एवढं नाव झालं तरी हाव सुटत नाही माणसाची. माझा खरा संशय होता यादगिरीवर. तो आमचा नमुने तयार करणारा माणूस, गोंदाची बाटली आणि चहाची किटली एकाच हाताने सांभाळायचा. मी कित्येक वर्षं त्या बिचाऱ्याच्या चहाकडेही वाकड्या नजरेने पाहिलं.

सरांना मी काही बोलले नाही. काय बोलणार? साहेब, तुमचं सगळं नाव ज्यावर उभं आहे ते यादगिरीने चिकटवलंय, असं? ते निवृत्त झाले, पुढे मीही झाले. खडकांच्या जागी इमारती आल्या, सीताफळं गेली, आणि मला वाटलं, चला, प्रश्न मिटला. आता कुणाला काही सापडत नाही.

तर गेल्या वर्षी, सरांनी नव्वदी ओलांडली म्हणून मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला, आणि त्याच सुमारास माझ्या फोनवर एक फोटो आला. पाठवणारी अनघा. ही पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये, कुकटपल्लीत एका मोठ्या सोसायटीत राहते, मंडळाच्या कामात हौसेने पुढे असते. खाली लिहिलं होतं, "काकू, आमच्या लिफ्टपाशी हे बसलंय. अ‍ॅप काही आयडी देत नाहीये. हे सरांचं तर नाही ना??"

राखाडी पंख. तांबूस रेघ. कडेला पोचायच्या आधी मागे वळलेली.

मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला संशय. इतकी वर्षं कुणाला न मिळालेलं पाखरू नेमकं सत्काराच्या तोंडावर मिळतं, नेमकं कुकटपल्लीत मिळतं आणि नेमकं सत्कार समितीतल्या बाईला मिळतं? हल्ली फोटो काय, अख्खी माणसं बनवतात. मी फोन लावला.

"अनघा, खरं सांग. सरांचं पाखरू कसं दिसतं हे तुला काय माहीत?"

"अहो काकू, स्लाइड-शो मीच करतेय ना! त्यांचं ते ड्रॉइंग, पंखांचा फोटो, सगळं मीच स्कॅन केलं. रोज तेच बघतेय. म्हणून तर लिफ्टपाशी बघून मी जागच्या जागी थांबले."

उत्तर इतकं सरळ होतं की मला आणखीच संशय आला. मी म्हटलं, "हात लावू नको. मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीहून मेट्रो धरली. सोसायटीच्या जिन्यातले दिवे रात्रभर जळतात, पाखरं येऊन भिंतीला बसतात आणि उजाडल्यावर झाडूवाली त्यांना झाडून टाकते. तिच्या आधी पोचायला हवं होतं. मी एकेक मजला चढत, भिंतीला नाक लावून बघत चालले. तिसऱ्या मजल्यावर एका बाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "एवरु मीरु?" मी कोण, हे मोडक्या तेलुगूत सांगेपर्यंत दार बंद. खालून वॉचमन धापा टाकत आला. "अम्मा, दीवारां कायकू देख रै आप? कॅमेरे में सब दिख रा." पाखरं बघते म्हटल्यावर त्याने माझी पिशवी उघडायला लावली. आत बाटल्या, चिमटे, टाचण्या. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला मात्र तो माणूस आवडला. आमच्या ऑफिसात शोभला असता.

अनघा कपाळाला हात लावत खाली आली, माझी सुटका केली आणि वर घेऊन गेली. आणि पाचव्या मजल्यावर, मीटरच्या पेटीशेजारी, ते बसलं होतं. शेजारी आणखी एक. जिन्याच्या वळणावर तिसरं. फोटो खोटा नव्हता, अनघा खोटी नव्हती. मी भिंगातून पाहिलं आणि मला चक्क रडू आलं. ज्याच्यासाठी सर म्हातारे झाले ते पाखरू लोकांच्या चपलांच्या कपाटावर बसलं होतं. सोसायटीच्या मागच्या अंगाला थोडे खडक उरलेत, तिथे जाता येत नाही म्हणून झुडपंही उरलीत, तिथून येत असावीत. दोन नर मी बाटलीत घेतले. पोटं जागच्या जागी, कुणाचा गोंद नाही, कुणाचा हात नाही.

चहा पिताना मी अनघाला सगळं सांगितलं. थेंब, गोंद, संशय. तिचा कप अर्ध्यावर थांबला.

"म्हणजे तुम्ही हे कापणार?"

"कापावंच लागतं."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर सरांचं चित्र खोटं. त्याला दिलेली वेगळी जागा खोटी. दुवा खोटा."

"काकू, नका ना!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "नव्वदीच्या माणसाचं असं करतात का? दोन आठवडे थांबा. सत्कार होऊ दे. नाहीतर कापूच नका. 'पुन्हा सापडलं' एवढंच सांगू, किती खूश होतील ते. कोण बघायला येणारे आतमध्ये?"

खरंच कोण येणार होतं? मी घरी आले, बाटली टेबलावर ठेवली आणि दिवसभर तिच्याभोवती घिरट्या घातल्या. न कापता ठेवलं तर सर हसत शाल घेतील. कापलं आणि जुळलं तर सोन्याहून पिवळं. पण नाही जुळलं तर मी माझ्या गुरूला त्याच्याच हातच्या सुरीने कापणार. आणि न कापता मला झोप लागणार नव्हती हेही तितकंच खरं. संशयाची सवय अशी वाईट असते. शेवटी ठरवलं, ज्यांचं पाखरू आहे त्यांनाच विचारायचं.

सर बरकतपुऱ्याला मुलगा-सुनेकडे असतात. डोळे जवळजवळ गेलेत. माणूस आकाराने आणि आवाजाने ओळखतात. मी अनघालाही बरोबर नेलं, कारण पाखरू तिने शोधलं होतं. "सर, तुमचं पाखरू पुन्हा मिळालंय. कुकटपल्लीतच."

सर खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "पक्कं का?"

"पंखांवरून तेच."

"पंखांवरून!" ते खेकसले. "पोट बघितलं का?"

"नाही सर. तुम्हाला विचारून मग..."

"मला काय विचारायचं? काप. इथं बसून काप. मला ऐकायचंय."

माझा लहान सूक्ष्मदर्शक मी टॅक्सीत घालून आणलाच होता. सूनबाई दारात उभ्या राहून आमच्याकडे संशयाने बघत होत्या. पोटॅशची नळी गरम करायला मी पातेल्यात पाणी मागितलं तर म्हणाल्या, "दुधाचं देणार नाही हं मी." एक जुनं, कान तुटलेलं पातेलं मिळालं. नराचं पोट हलकेच सोडवलं, नळीत टाकलं, गरम पाण्यात धरलं. थोड्या वेळाने ते मऊ पडलं, मग सुईने साफ करायला घेतलं. सर खुर्चीत पुढे वाकून बसले होते, मान तिरकी, कान माझ्याकडे. अनघा भिंतीला टेकून उभी. तिने मला नजरेने शेवटचं विनवलं.

मी भिंगाला डोळा लावला. आणि एका क्षणात कळलं. सरांच्या चित्रात रुंद, दुभंगलेले पाकळीसारखे अवयव होते. इथे होते ते अरुंद, आकड्यासारखे वळलेले, पंखांच्या घराण्याला अगदी साजेसे. सरांचं चित्र या पाखराचं नव्हतं.

सांगू की नको? सरांना दिसत नव्हतं. मी "जुळतंय सर" म्हटलं असतं तर जगात कुणी मला खोटं पाडलं नसतं. अनघानेही नाही. माझ्या जिभेच्या टोकावर ते आलंही होतं. सर म्हणाले, "किती वेळ? तुझा श्वास मला ऐकू येतोय."

"सर, जुळत नाही."

सरांनी तिरकी मान सरळ केली. मग सर म्हणाले, "तुझ्यावर विश्वास नाही माझा. तुला हवं तेच तुला दिसत असेल. त्या मुलीला बघू दे. चित्र आहे का तिच्याकडे?"

अनघाच्या फोनवर स्लाइड-शोमधलं चित्र होतंच. ती भिंगाशी बसली, एकदा आत, एकदा फोनकडे, पुन्हा आत. शिकवलेलं काही नव्हतं तिला, नुसते डोळे होते. "सर... इथे हुकसारखं आहे. तुमच्या ड्रॉइंगमध्ये फुलासारखं आहे." आणि तिचा आवाज फुटला. "सॉरी सर. हे वेगळंच आहे."

"दुसरा नर कापा."

दुसराही कापला. तोही आकड्यांचा.

"हुश्श," सर म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, त्यांना काही होतंय. सूनबाई पाणी घेऊन धावल्या. सर हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते.

"यादगिरीने चुकीचं चिकटवलं असेल सर," मी घाईने म्हटलं. "त्याची काही..."

"यादगिरीचं नाव नक्को घेऊ. मी चिकटवलं. खडकांवरून उतरताना डबा हातातून सुटला. आत दोन पाखरं, हे आणि एक गवतातलं. दोन पोटं खाली. मी बघितलं, नीट बघितलं आणि लावली. तेव्हा पक्की खात्री होती. छापून आल्यावर खात्री गेली. मग काय करणार? पुरावा मीच शिजवून टाकलेला, ते गवतातलं पाखरू बुरशीने गेलेलं. दुसरं मिळाल्याशिवाय खरं-खोटं कोण सांगणार? म्हणून दर वर्षी जात होतो तिथे." ते थांबले. "तुम्हाला वाटायचं, साहेबाला आणखी एक हवंय मिरवायला. मी मला पकडायला जात होतो."

मी नळ्या धुवायला घेतल्या. अनघा नाक पुसत होती.

पुढचं थोडक्यात सांगते. आमच्या शास्त्राच्या नियमांत अशा चुकीची सोय आहे, कारण ती करणारे सर पहिले नव्हेत. मूळ नमुन्यात परकं अंग मिसळलं असेल तर ते जाहीरपणे वगळायचं. नाव पंखांच्या मालकाकडेच राहतं. आम्ही तसा लेख लिहिला, खऱ्या पोटाचं नवं वर्णन दिलं, पाखरं अनघाने शोधली हे नमूद केलं. दुवा गेला, वेगळी जागा गेली, पाखरू आपल्या घराण्यात परत गेलं, पण त्याच्या नावामागे औंढेकर हेच नाव आहे. छापण्याआधी लेख तपासणाऱ्याने उलट विचारलं की तुमच्या पाखरांची पोटं त्यांचीच कशावरून? मला इतका आनंद झाला की मी ते पत्र सरांना दोनदा वाचून दाखवलं. सत्कारात सरांनी शाल घेतली आणि अनघाला स्लाइड-शोमध्ये दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावायला सांगितली. टाळ्या कमी पडल्या. सर मात्र मजेत होते.

पण बरकतपुऱ्याच्या त्या दुपारचं थोडं राहिलं. मी सूक्ष्मदर्शक पेटीत ठेवत होते. अनघा टॅक्सी बोलवायला खाली गेली होती. सरांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"तुला कधीपासून संशय होता?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "रुजू झाले त्याच पावसाळ्यापासून. गोंदाचा थेंब दिसला होता."

"दिसला होता ना? मला वाटलंच, दिसला असेल. कपाटाची किल्ली तुला काय उगीच दिली होती? एवढे सीनियर सोडून? मी वाट बघत होतो, आज विचारेल, उद्या विचारेल. माझ्याच्याने कुणाला सांगवत नव्हतं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." त्यांचा आवाज चढला. "एवढी वर्षं! का नाही विचारलंस?"

"सर, तुमचा मान..."

"मान?" सर म्हणाले. "अगं, मी तुला संशय घ्यायला शिकवलं. मान ठेवायला कुणी शिकवलं?"